'हुकर एन हीट' डबल एलपी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

कॅन्ड हीट हा अमेरिकन रॉक बँड आणि ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे लोकसंगीत) गाणारा ज्येष्ठ गायक-गिटारवादक जॉन ली हुकर यांच्या 'हुकर एन हीट' या अल्बमचा नव्याने छापलेला दोन रेकॉर्डचा संच मी आठ महिन्यांपूर्वी ३,४०० रुपयांना मागवला होता. त्यातली सदोष रेकॉर्ड बदलून मिळायला जवळजवळ पाच महिने गेले. बदली संच आता तीन महिने वाजवून झाला आहे, म्हणून हा अनुभव लिहितो आहे.

पहिल्या संचातल्या पहिल्या रेकॉर्डच्या पहिल्या बाजूवर, तिसऱ्या गाण्याच्या मध्यापासून, 'टक्' असा बारीक पण कोरडा आवाज सुरू होत असे आणि तो सुमारे सव्वा मिनिट टिकत असे. दिव्याखाली रेकॉर्ड तिरकी धरली की तिथे तीनचार मिलिमीटर लांबीचा एक फुगवटा दिसत असे. एरवी एवढी खरखर मी चालवून घेतली असती, कारण माझ्याकडच्या जुन्या बाजारातल्या निम्म्या रेकॉर्ड याहून वाईट वाजतात. पण या रेकॉर्डवर ती चालवून घेणे मला शक्य झाले नाही, आणि त्याचे कारण हुकरचा पाय.

मे १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत या तरुण बँडने हुकरला बसण्यासाठी प्लायवूडचा एक चौथरा करून घेतला. जुना सिल्व्हरटोन अँप्लिफायर त्याच्यापासून थोड्या अंतरावर ठेवला आणि गळा व गिटार यांच्याबरोबर त्याच्या पायाच्या ठेक्यासाठीही वेगळा माइक लावला. हुकर एकटा गातो त्या गाण्यांत ड्रम नाहीत, बास नाही. लाकडावर पडणारा तो पाय हेच तिथले तालवाद्य आहे. ओळ संपून गिटार क्षणभर थांबते तेव्हाही तो ऐकू येत राहतो. आता रेकॉर्ड मिनिटाला सव्वातेहतीस फेऱ्यांहून किंचित अधिक फिरते, म्हणजे एक फेरी १.८ सेकंदांची. त्यामुळे ती टकटक दर १.८ सेकंदांनी घड्याळासारखी पडते आणि हुकरचा पाय स्वतःच्या लयीत पडतो. दोन ठेके एकमेकांना छेदू लागले की कान नको त्या ठोक्याकडे वळतो आणि गाणे हातातून निसटते.

विक्रेत्याचे पहिले उत्तर असे आले की ध्वनिमुद्रण १९७० सालचे असल्यामुळे असे आवाज मूळ टेपमध्येच असतात. हे वाचून मला खरोखर संताप आला, कारण मूळ टेपमधला आवाज रेकॉर्डच्या प्रत्येक फेरीला न चुकता कसा येईल? मी भ्रमणध्वनीवर चित्रफीत काढून ३६ सेकंदांत बरोबर २० ठोके मोजून दाखवले. त्यावर माझी सुई झिजली असावी असे कळवण्यात आले. नवी सुई लावून तीच चित्रफीत पुन्हा पाठवली, तेव्हा ५०० रुपयांचे कूपन देऊ केले गेले. ते मी नाकारले. अखेरीस पूर्ण संच परत पाठवण्याच्या अटीवर बदली संच मिळाला आणि परतीच्या कुरिअरचे २१० रुपये मात्र माझ्याच खिशातून गेले. ते अजून मिळालेले नाहीत आणि मी मागणे सोडलेले नाही.

या पाच महिन्यांत अल्बमबद्दलचे माझे मत मात्र पूर्ण बदलले. मी तो घेतला होता कॅन्ड हीटसाठी. १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात वाजवलेला हा बँड हुकरबरोबर काय धमाल करतो ते मला ऐकायचे होते, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे मी दुसरी रेकॉर्डच लावत असे. सगळा बँड एकत्र येतो तो भाग तिच्यावर आहे आणि शेवटचे 'बूगी चिलन नं. २' अकरा मिनिटांहून मोठे आहे. ते आजही आवडते. परंतु तक्रारीसाठी पहिली बाजू पुन्हा पुन्हा ऐकावी लागली आणि तिथे मी अडकलो. हुकर बारा बारचा, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा खंडांचा, ब्लूजचा ठरलेला साचा पाळत नाही. शब्द संपेल तिथे तो वळतो, कधी अर्धी मात्रा आधी, कधी दोन मात्रा उशिरा. अशा गायकामागे घाईने बँड उभा केला की दोघांचीही पंचाईत होते. म्हणूनच या मुलांनी पूर्ण एक बाजू त्याला एकट्याला सोडली हे मला या अल्बममधले सर्वांत मोठे काम वाटते. बॉब हाइट हा त्यांचा मुख्य गायक. तो इथे एकही गाणे गात नाही, केवळ निर्मितीच्या बाजूला राहतो.

बँडचा गिटार आणि माउथ ऑर्गन वाजवणारा ॲलन विल्सन येतो तो दुसऱ्या बाजूच्या शेवटाकडे. 'बर्निंग हेल'मध्ये त्याचा माउथ ऑर्गन ऐकावा. आपल्याकडे जाणता संवादिनीवादक बुजुर्ग गायकाची जागा ओळखून क्षणभर मागे राहतो आणि नेमका त्याच्याबरोबर समेवर येतो, तशी ही साथ आहे. हा मुलगा आपल्या मागोमाग कसा येऊ शकतो, याचे नवल हुकरच्या बोलण्यात रेकॉर्डवरच ऐकू येते. विल्सन तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. ३ सप्टेंबर १९७० रोजी तो गेला आणि अल्बम १९७१ मध्ये त्याच्यामागे आला. मुखपृष्ठावर तो भिंतीवरच्या तसबिरीत आहे. संच हातात घेतला की माझी नजर आधी तिथे जाते.

बदली संचातली दुसरी रेकॉर्ड कडेला किंचित वाकडी आहे, पण सुई उडत नाही, म्हणून मी ती ठेवून घेतली. पहिली बाजू आता स्वच्छ वाजते. घेणाऱ्यांना एवढेच सांगतो की पाकीट उघडतानाची चित्रफीत काढावी आणि परतीची मुदत संपण्याआधी ही पहिली बाजू रात्री, पंखा बंद करून, एकदा सलग ऐकून घ्यावी.