स्केटिंग, क्रिकेट कोचिंग की गल्लीतली लंगडी-लगोरी? सात-आठ वर्षांच्या पोरांसाठी काय निवडायचं

जूनमध्ये शाळा उघडली की आमच्या जळगावात सगळ्या आयांचं एकच सुरू होतं, तुझ्या पोराला कुठे घातलं गं? मी मोठीला स्केटिंगला घातलं होतं, धाकट्याला क्रिकेट कोचिंगला, आणि गेलं वर्षभर दोघं संध्याकाळी गल्लीत लंगडी आणि लगोरी खेळताहेत, त्यामुळे तिन्ही गोष्टी जवळून बघितल्यात म्हणून लिहितेय.

आधी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. पोरगं दिवसभरात किती हलतं हे वेगळं आणि त्याला अंगाने काय काय करता येतं हे वेगळं. हलण्याचं माप सोपं आहे, जागतिक आरोग्य संघटना म्हणते 5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं तरी दम लागेल असं खेळावं. दुसरं म्हणजे पळणं, लंगडी, उडी, फेकणं, झेलणं, लाथ मारणं. आपल्याला वाटतं वय वाढलं की हे आपोआप येतं, पण तसं नाही, कोणीतरी दाखवावं लागतं आणि पुन्हा पुन्हा करावं लागतं. 2008 साली अमेरिकेतले संशोधक डेव्हिड स्टॉडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं होतं की लहानपणी खेळून खेळून कौशल्य येतं, पण थोडं मोठं झाल्यावर उलटं होतं, कौशल्य असेल तर पोरगं खेळतं, नसेल तर हळूहळू बाजूला होतं. ऑस्ट्रेलियात मुलांना काही वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा ज्यांना लहानपणी बॉल फेकणं-झेलणं-मारणं चांगलं जमत होतं ती पोरं वयात आल्यावर जास्त हालचाल करणारी निघाली. हे वाचलं आणि मला माझा धाकटाच दिसला.

तो दुसरीत. बॉल आला की तोंड फिरवायचा, डोळे घट्ट मिटायचा आणि दोन्ही हातांनी बॉल छातीशी दाबायला जायचा, तोवर बॉल मागे गेलेला. फेकताना उजवा हात आणि उजवाच पाय पुढे, त्यामुळे जोरच लागायचा नाही. पोरं हसायची, मग हा म्हणायचा मला नाही खेळायचं, आणि घरात येऊन मोबाईल. आम्ही म्हणायचो आळशी आहे. आळशी नव्हता हो, त्याला जमत नव्हतं.

क्रिकेट कोचिंग. मी एक दिवस बाजूला बसून मोबाईलवर वेळ लावली. तासाभराच्या बॅचमध्ये माझा मुलगा पंधराएक मिनिटं हलला असेल, बाकी वेळ लाईनीत उभा, कारण पोरं वीस-बावीस आणि नेट एकच. पण खरं सांगायचं तर फेकताना डावा पाय पुढे टाकायचा हे त्याला तिथल्याच सरांनी शिकवलं, दोन आठवड्यांत फरक दिसला. म्हणजे कौशल्याला चांगलं, हालचालीला कमी.

स्केटिंग. हे बरोबर उलटं. पोरगी घामाघूम होऊन यायची, तोल जबरदस्त सुधारला, पायात ताकद आली. पण हाताला बॉल नाही, झेलणं-फेकणं काही नाही. आणि पाय वाढला की नवे स्केट्स, तो खर्च कोणी आधी सांगत नाही. शिवाय आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 ला जातो, सिमेंटची रिंक सकाळी आठलाच तापते, त्यामुळे बॅच पहाटेची, आणि पहाटे उठवणारी मी.

गल्लीतले खेळ. माझा कल इकडे आहे हे लपवत नाही. लंगडीत डाव असलेला एका पायावर आणि बाकीचे सगळे पळताहेत, लाईनीत कोणीच उभं नाही. लगोरीत नेम धरून फेकणं, झेलणं, वाकून दगड रचणं, अंगावर येणारा बॉल चुकवणं, सगळं एका डावात. खो-खो मला फार आवडतो, पण आठ जण बसलेले आणि एकच पळतोय, बसलेल्याला खो मिळेपर्यंत वाटच बघायची, तेव्हा लहानांसाठी लंगडी बरी. सासूबाई तर अजून म्हणतात, पोऱ्याले खेयू दे माय. त्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निंबाच्या झोक्यावर उभ्याने झोका चढवायच्या, तोल आणि ताकद दोन्ही तिथेच यायचं.

पण गल्लीला अडचणी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. मोटारसायकली. उन्हाळ्यात सहाच्या आधी बाहेर सोडता येत नाही. मोठी पोरं लहानांना डावच देत नाहीत, नुसतं बॉल आणायला पळवतात. आणि मुलगी दहाची झाली की लोक लगेच सुरू करतात, आता कशाला बाहेर. मी ऐकत नाही, पण तिच्या तीन मैत्रिणी यायच्या बंद झाल्या, याचं मला फार वाईट वाटतं.

ठरवायचं कसं? घरीच बघा. डाव्या पायावर आणि उजव्या पायावर दहा दहा लंगड्या घालायला लावा, आठ-दहा फुटांवरून टेनिस बॉल दहा वेळा टाका आणि किती झेलतो मोजा, भिंतीवर जोरात फेकायला लावा आणि कोणता पाय पुढे येतो बघा. हे सगळं जमतंय आणि नुसता हालचालीचा तुटवडा आहे तर स्केटिंग, सायकल, गल्ली, काहीही चालेल. झेलता-फेकता येत नसेल तर आधी ते शिकवणारा माणूस शोधा, क्लासमध्ये किंवा घरातला मामा-काका, रोज पंधरा मिनिटं पुरतात, आणि संध्याकाळची गल्ली बंद करू नका. दोन्ही कच्चं असेल तर क्लासच्या नादी लागायच्या आधी दोन महिने लंगडी-लगोरीच खेळवा, चार पोरं गोळा करायची मेहनत तेवढी आपली.

आणि क्लासलाच घालायचं असेल तर फी भरायच्या आधी एक पूर्ण बॅच बाजूला उभं राहून घड्याळ लावून बघा. ट्रायलच्या दिवशी नको, त्या दिवशी सगळे पोरांना पळवतात. मधल्याच एखाद्या बुधवारी, न सांगता जा.