सिक, इल की नॉशस? मळमळ इंग्रजीत सांगताना

लीड्सला राहणाऱ्या माझ्या बहिणीने लेकाच्या शाळेत फोन केला, ‘ही वॉज सिक यस्टरडे.’ पोराला नुसता ताप होता, तोही रात्रीच उतरलेला. पलीकडून उत्तर आलं, मग ४८ तास पाठवू नका. ब्रिटनमध्ये ‘वॉज सिक’ म्हणजे उलटी झाली, आणि शेवटच्या उलटी-जुलाबानंतर दोन दिवस मूल घरी ठेवायचं असा तिथला सरकारी सल्ला आहे. ती ‘ही वॉज इल’ किंवा सरळ ‘ही हॅड अ टेंपरेचर’ म्हणाली असती, तर निभावलं असतं.

अमेरिकेत ‘सिक’ म्हणजे आजारी, अगदी सर्दीसुद्धा. पोटाचं असेल तर ‘सिक टू माय स्टमक’ म्हणतात. ‘इल’ तिकडे जरा जड वाटतो, मोठ्या दुखण्याला शोभणारा. सुट्टी मात्र दोन्हीकडे ‘सिक लीव्ह’, उलटी होवो न होवो.

‘नॉशस’ आणि ‘नॉशिएटेड’ हा जुना वाद. कडक मास्तर म्हणतात, नॉशस तो वास, ज्याने मळमळतं. मळमळतं तो माणूस नॉशिएटेड. त्यांच्या हिशेबाने ‘आय ॲम नॉशस’ म्हणजे मला बघून लोकांना ओकारी येते! मेरियम-वेबस्टर कोशाने माणसासाठीही नॉशस कधीच मान्य केलाय. मी बोलताना नॉशस वापरतो, लिहिताना नॉशिएटेड. उगाच कोणी लाल पेन काढायला नको.

दोन्हींचं मूळ ग्रीक ‘नाउस’, म्हणजे जहाज. थोडक्यात, ‘बोट लागणे’. आपल्याला घाटात गाडी लागते. तिथे ‘आय गेट कारसिक’ म्हणायचं. गोळी मागताना लंडनमध्ये ‘ट्रॅव्हल सिकनेस’, न्यूयॉर्कमध्ये ‘मोशन सिकनेस’.

नुसतं पोटात ढवळत असेल तर ‘क्वीझी’. रक्त बघून कसंतरी होतं, तिथेही तोच. उलटीला डॉक्टरसमोर ‘व्हॉमिट’, घरात-मित्रांत ‘थ्रो अप’. ‘प्यूक’ सासरच्या मंडळींसमोर नको.

आपल्याकडे दवाखान्यात सर्रास ऐकू येणारं ‘व्हॉमिटिंग सेन्सेशन’ बाहेर गेल्यावर सोडा, ‘नॉशिया’ पुरे. आणि पोटातून काहीच न पडता नुसते कोरडे उमासे येत असतील तर ‘व्हॉमिटिंग’ म्हणू नका, ‘ड्राय हीव्हिंग’ म्हणा. नाहीतर डॉक्टरांचा पुढचा प्रश्न असेल, किती वेळा झाली आणि रंग कसा होता?