फास्ट रोलिंग टायरच्या नावाखाली टोपी घालतायत, सायकलवाल्यांनी वाचा

रत्नागिरी, गुहागर, देवगड साइडला जे एमटीबीवर (डोंगरी सायकलवर) लांबच्या राइड मारतात त्यांच्यासाठी लिहितोय. सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक जण फिरतोय, इम्पोर्टेड फास्ट रोलिंग, म्हणजे कमी ताकदीत पळणाऱ्या, टायरची जोडी अर्ध्या किमतीत देतो म्हणून. मला ४८०० ला टोपी घातली त्याने.

आपल्याकडचे रस्ते माहितीयेत, सागरी मार्गाचं डांबर, मध्येच खडी, मग सड्यावर जांभ्याची वाट आणि खाली उतरलं की पुळण. जाड गोट्यांचे (वर उठलेल्या रबरी ठोकळ्यांचे) टायर डांबरावर घरघरत जीव काढतात, म्हणून मला २९ x २.२५ चे (चाक x रुंदी, इंचात), मधल्या गोट्या बुटक्या आणि जवळजवळ असलेले टायर हवे होते. ग्रुपवर तेवढं विचारलं आणि लगेच ह्याचा पर्सनल मेसेज. बोलणं एकदम गोड. "पुण्याच्या रेसरचे आहेत दादा, न वापरलेले, त्याने सायकल बदलली." बिल मागितलं तर जीएसटी वेगळा पडेल, व्हिडिओ कॉल म्हटलं तर दुकानात रेंज नाही. अर्धे पैसे आधी यूपीआयने, उरलेले कुरियरची पावती दाखवल्यावर, म्हणजे पार्सल हातात यायच्या आत सगळे पैसे त्याच्याकडे.

पार्सल आलं ते तीन वेटोळी घातलेलं. तिथेच कळतं खरं तर, कारण फोल्डिंग टायरच्या कडेला पोलादी तार नसते, तो चपटा घडी होऊन येतो. आमचे सायकलवाले काका कड दाबूनच म्हणाले, "ह्यात तार आहे रे, ट्यूबलेसचं विसर," म्हणजे ट्यूबशिवाय चालवायचं सोड. शेजारच्या वाण्याच्या काट्यावर एकेक टायर ९१० ग्रॅम. ह्या मापाचा हलका क्रॉसकंट्री टायर साधारण ६०० ते ७०० मध्ये बसतो. विकणाऱ्याला कळवलं तर म्हणे पंक्चर प्रोटेक्शनचा थर आहे दादा, म्हणून जड. त्यानंतर ब्लॉक.

आता ह्याची गोम काय ते ऐका. लोकांना वाटतं बारीक नक्षी म्हणजे फास्ट, आणि नक्षी तर कुठल्याही स्वस्त टायरवर उठवता येते. टायर जमिनीला टेकतो तिथे दबतो, पुढे गेला की सुटतो, आणि ह्या दबण्यासुटण्यात आपल्या पायाची ताकद गरम होऊन वाया जाते. ती किती वाया जाईल हे ठरतं रबर कसलं आहे आणि आतलं कापड किती पातळ, लवचिक आहे त्यावर, आणि हे दोन्ही फोटोत दिसत नाही. टीपीआयचा (कापडाच्या दर इंचातल्या धाग्यांचा) आकडाही जपून घ्या, १८० लिहिलेलं बऱ्याचदा ६० चे तीन थर धरून असतं. त्यात काही खोटं नाही, पण हा बाबा जणू एकच तलम कापड असल्यासारखा सांगत होता.

पैसे गेलेच आहेत तर निदान वापरू म्हणून ट्यूब टाकून गुहागरहून रत्नागिरीला निघालो. वेळणेश्वर, हेदवीपर्यंत चाललं, पण तवसाळच्या उतारावर मागचं चाक दर फेऱ्याला धप धप करायला लागलं. फेरीबोटीची वाट बघत जेटीवर चाक फिरवून बघतो तर कडेला आवळ्याएवढा फुगा आलेला. चिखल धुवायला पाणी ओतलं तसं टायरवरचं लेबल एका कोपऱ्यातून सुटलं, नखाने ओढलं तर अख्खं हातात. खाली मूळ नाव पॉलिश पेपरने घासून काढलेलं, पण माप घासायचं राहिलं होतं. लेबलवर ५७-६२२ आणि रबरात उठवलेलं ५०-६२२. ६२२ म्हणजे रिमचं माप, ते २९ ला बरोबरच. पण ५७ आणि ५० ही मिलिमीटरमधली रुंदी, म्हणजे २.२५ म्हणून दोन इंची टायर गळ्यात मारला. जयगडला उतरून हवा कमी करून, हळूहळू मालगुंड गाठलं, पुढे टेम्पो.

तर कोणाकडूनही सेकंडहँड घेताना बाजूच्या भिंतीवर रबरातच उठवलेल्या आकड्यांचा जवळून फोटो मागा, टायर काट्यावर ठेवलेला फोटो मागा, आणि घडी करून दाखव म्हणा. खरा माल असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. जमलं तर चिपळूण, रत्नागिरीला समोरासमोरच घ्या. पार्सलच असेल तर फोडतानाचा व्हिडिओ काढा, मी काढला होता तो तक्रारीला जोडता आला.

यूपीआयने पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे समोरच्या खात्यात अडकवता यायची शक्यता जास्त. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण आधी सायबरची तक्रार टाका. माझी नोंदवली गेलीये, पैसे अजून आले नाहीत. तो भामटा आपला नंबर बदलतो पण फोटो तेच ठेवतो, मागे निळी ताडपत्री आणि लाल प्लास्टिकची खुर्ची. गेल्या आठवड्यात त्याच खुर्चीवर कार्बनची सीटपोस्ट (सीटखालची दांडी) विकायला आलीये.