मिनॉक्सिडिल ५ टक्के (विरळ केसांसाठी डोक्याला लावायचं औषध), नऊ महिने लावून झाल्यावर

मागच्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आई गजरा माळत होती आणि एकदम थांबून म्हणाली, अगं तुझा भांग केवढा रुंद झालाय. तोवर मी केस गळतायत गळतायत म्हणत होते पण रोज पन्नास ते शंभर केस सगळ्यांचेच जातात असं वाचून गप्प बसायचे. खरं तर माझ्याकडे फक्त गळत नव्हते, नवे येणारे बारीक येत होते, वेणीचं शेवटचं टोक उंदराच्या शेपटीसारखं झालेलं.

त्याआधी वर्षभर कांद्याचं तेल, बायोटिनच्या गोळ्या, महागडा शाम्पू सगळं करून झालं. एवढ्या पैशात दोनदा स्किनच्या डॉक्टरांकडे जाऊन आले असते याचं मला आजही वाईट वाटतं. शेवटी गेले तेव्हा डॉक्टर मॅडमनी आधी भांग भिंगातून बघितला आणि रक्त तपासायला सांगितलं, थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा). बायोटिन चालू आहे म्हटल्यावर ते आधी बंद करायला लावलं कारण त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं!! हिमोग्लोबिन १२.१, म्हणजे ठीकच, पण फेरिटिन ८. म्हणजे रक्तात दिसायला सगळं बरं आणि साठा रिकामा. पाळीला जास्त जाणाऱ्या बायकांनी हे एकदा तरी बघाच, नुसत्या हिमोग्लोबिनवर जाऊ नका.

तर दोन कारणं निघाली, लोह कमी आणि बायकांमध्ये भांगापासून सुरू होणारं अनुवंशिक विरळपण (आत्याचं तसंच होतं). लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, चहा त्याच्या आगेमागे तासभर नाही. सकाळच्या चहाची वेळ बदलणं हे मला सगळ्यात जड गेलं. सहा महिन्यांनी फेरिटिन ४१ झालं.

आता औषधाबद्दल. मिनॉक्सिडिल मुळात बीपीची गोळी होती, ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले तेव्हा ते डोक्याला लावायचं औषध झालं. मला रात्री एकदाच १ मिली सांगितलं, म्हणजे ६० मिलीची बाटली दोन महिने जाते. डोकं कोरडं हवं, भांग पाडून ड्रॉपरने कातडीवर लावायचं, केसांवर नाही, मग हात साबणाने धुवायचे आणि झोपायच्या निदान दोन तास आधी लावायचं. मी सुरुवातीला लावून लगेच झोपायचे, ते उशीला लागून गालावर यायचं आणि पाचव्या महिन्यात कानशिलाजवळ लव दिसायला लागली. वेळ बदलल्यावर ती हळूहळू कमी झाली. घरात मांजर असेल तर फार जपा, त्यांना हे विष आहे, उशी किंवा हात चाटला तरी जीवावर बेतू शकतं. आमची मनी आता रात्री माझ्या खोलीत येत नाही, मी दार लावून घेते.

तिसऱ्या आठवड्यात गुंतवळ दुप्पट निघायला लागली. मी रडले खरंच. मॅडम म्हणाल्या जे केस विश्रांतीत होते तेच सुटतायत, खालून नवा येतोय, सहा-आठ आठवडे धीर धर. माझ्या जाऊबाईंनी नेमकं इथेच सोडलं होतं. माझं दहाव्या आठवड्याला कमी झालं, चौथ्या महिन्यात भांगाच्या कडेला बोटभर उभे केस दिसले, आणि खरा फरक सातव्या महिन्यात. केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभरच वाढतो त्यामुळे आरशात रोज बघण्यात काही अर्थ नाही, मी दर एक तारखेला खिडकीजवळ त्याच जागी फोटो काढते.

त्रास म्हणजे खाज आणि कोंड्यासारखे पापुद्रे, दुसऱ्या महिन्यात. त्या पातळ औषधात प्रोपिलीन ग्लायकॉल असतं, त्याने होतं म्हणे, मग त्याच औषधाचा फोम दिला, तो महाग आहे पण खाज गेली.

आईचं माका-जास्वंदीचं तेल मी सोडलं नाहीये, रविवारी नहायच्या आधी लावते, केस मऊ राहतात, विंचरताना तुटत नाहीत. पण भांग त्याने भरला नाही हे मला प्रामाणिकपणे लिहायचंय. ओढून घट्ट अंबाडा घालणं मात्र पूर्ण बंद.

हे औषध थांबवलं की काही महिन्यांत मिळवलेलं जातं, हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं, मी तयारीने सुरू केलं. दिवस राहायचा विचार असेल किंवा अंगावर पाजत असाल तर लावायचं नाही. आणि प्रत्येकीला ते लागतंच असं नाही. माझ्या भाचीला डेंग्यू झाला, अडीच महिन्यांनी मूठमूठ केस यायला लागले, घरात सगळे घाबरलो, तिला मॅडमनी काहीच लावायला दिलं नाही, नीट जेव आणि थांब एवढंच सांगितलं. आता तिच्या कपाळावर सगळीकडे छोटे छोटे केस उभे आहेत, पिना लावून बसवावे लागतात.