बोरन्हाणाचे फोटो आमचे, कार्ड त्याचं

लेक दीड वर्षाची. रथसप्तमीच्या आधीचा रविवार गाठून घरच्या घरी बोरन्हाण करायचं ठरलं. हलव्याचे दागिने सासूबाईंनी रात्री जागून केले होते, म्हणून म्हटलं, या खेपेला मोबाइलवर भागवायला नको. इन्स्टावर एक फोटोग्राफर सापडला. पेजवर एकापेक्षा एक गोड बाळं. फोनवर ठरलं ते असं: साडेचार हजार, त्यात २५ एडिट केलेले फोटो, शिवाय सगळे मूळ फोटो. ‘सगळं मिळेल ताई, काळजीच सोडा.’ मी सोडली. दोन हजार ॲडव्हान्स यूपीआयने दिले, लेखी काही घेतलं नाही.

माणूस कामाला कच्चा नव्हता, हे कबूल करायला हवं. पाट गॅलरीच्या दाराशी मांडायला लावला, फ्लॅश नको म्हणाला आणि स्वतः फरशीवर पालथा पडला. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे पडल्यावर लेक आधी दचकली, मग मुकुटाचा हलवा तोडून चोखत बसली. तेवढ्यात त्याने धडाधड फोटो काढले. दोन-तीन कॅमेऱ्यातच दाखवले. सासूबाई विरघळल्या, मीही. त्याच भरात उरलेले अडीच हजार देऊन टाकले.

आठ दिवसांनी लिंक आली. २५ फोटो, प्रत्येकावर मधोमध त्याच्या नावाचा शिक्का. आकार १२०० बाय ८०० पिक्सेल. फ्रेमवाला हसलाच. १८ बाय १२ इंचांची छपाई ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, करायची तर ५४०० बाय ३६०० लागतात म्हणाला. फोन केला तर उत्तर: ‘ते प्रीव्ह्यू आहेत ताई. हाय-रेझ हवे तर फोटोमागे ३५०.’ म्हणजे आणखी ८,७५०! आणि मूळ फोटो? ‘रॉ कुणीच देत नाही.’ नसतील देत. मग फोनवर हो कशाला म्हणालास बाबा?

साडी खराब निघाली तर बदलून आणता येते. मुकुट खाणारी दीड वर्षाची पोर पुन्हा तशी पाटावर बसत नाही, आणि हे त्याला माझ्याआधी माहीत होतं.

मग नणंदेने त्याच्या पेजवरचे फोटो गूगल लेन्समध्ये टाकून पाहिले. चार फोटो परदेशातल्या फोटोग्राफरांच्या साइटवर निघाले. दोन मिनिटांचं काम, मी बुकिंगआधी केलं नव्हतं.

वकील मैत्रिणीने १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ दाखवलं. पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. ते त्याला पाठवलं, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रारही नोंदवली. दुसऱ्या दिवशी नऊ मोठे फोटो आले, बिनशिक्क्याचे. ‘बाकीचं कार्ड करप्ट झालं.’ नंतर मला ब्लॉक केलं. करप्ट झालेल्यांतला मुकुटवाला फोटो नणंदेला त्याच्या पेजवर दिसला, ‘बोरन्हाण पॅकेज, बुकिंग सुरू’ या ओळीखाली. आम्ही रिपोर्ट केलाय.

परवा नणंदेने तिच्या मुलासाठी दुसऱ्या एकाला फोन लावला. मी शेजारी बसून तिला प्रश्न पुरवत होते: साइज किती, शिक्का असणार का, पेजवर टाकणार का, आणि निघण्याआधी कार्ड आमच्या लॅपटॉपवर उतरवून देणार का. तो म्हणाला, ‘देतो की. व्हॉट्सॲपवर लिहून पाठवू?’

अर्ध्या तासात मेसेज आला. मग ॲडव्हान्स गेला.