इंग्लंडमध्ये घर घेताना कन्व्हेयन्सिंग : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

इंग्लंडमध्ये घर घेताना कायदेशीर बाजू सांभाळण्यासाठी आम्ही एका परवानाधारक कन्व्हेयन्सरच्या फर्मची सेवा घेतली. ऑफर स्वीकारली गेली तेव्हापासून लँड रजिस्ट्रीत (मालमत्तेच्या सरकारी नोंदणीत) आमचे नाव लागेपर्यंत काही महिने या सेवेशी रोजचा संबंध आला. ओळखीची मंडळी याविषयी तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे. फर्मचे नाव मुद्दामच देत नाही, कारण चांगला किंवा वाईट अनुभव फर्मच्या नावापेक्षा आपली फाइल कोणाच्या टेबलावर जाते यावर जास्त अवलंबून असतो, असे माझे मत झाले आहे.

सॉलिसिटर (सर्वसाधारण वकील) घ्यावा की कन्व्हेयन्सर (फक्त मालमत्ता-व्यवहारांचे कायदेशीर काम करणारा), हा पहिला प्रश्न. सॉलिसिटरवर सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीचे नियंत्रण असते आणि परवानाधारक कन्व्हेयन्सरवर कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सचे. सरळ खरेदीसाठी दोन्ही चालतात. फर्म आपल्या कर्जदात्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे मान्य फर्मच्या यादीत आहे ना, एवढे मात्र पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे. बहुतेक वेळा तीच फर्म बँकेचेही काम पाहते, त्यामुळे मध्येच किंमत कमी करून घेतली तर ती गोष्ट बँकेपासून झाकून ठेवता येत नाही.

सर्वांत मोठा गैरसमज असा, की कन्व्हेयन्सर घर तपासतो. तो घर पाहायला येतच नाही. भिंतीला ओल आहे का, छप्पर धड आहे का, हे सर्व्हेयरचे काम. कन्व्हेयन्सर कागद वाचतो. विक्रेत्याने घराची माहिती देऊन भरलेला टीए६ फॉर्म, घरात काय राहणार आणि काय जाणार हे सांगणारा टीए१० फॉर्म, लँड रजिस्ट्रीचा उतारा, आणि स्थानिक कौन्सिल, पाणी व सांडपाणी, पर्यावरण यांबाबतचे सर्च अहवाल त्याच्यासमोर असतात, आणि त्यांतून जे प्रश्न निघतात ते विक्रेत्याच्या वकिलाला लेखी विचारले जातात. यालाच एन्क्वायरी म्हणतात. बहुतांश महिने जातात ते इथेच, आणि फर्मची पारखही इथेच होते.

आमच्या बाबतीत मागच्या बाजूला वाढवलेल्या खोलीसाठी प्लॅनिंग परमिशन होती, पण बिल्डिंग रेग्युलेशन्सचे, म्हणजे बांधकाम नियमांनुसार झाल्याचे, पूर्णत्वाचे प्रमाणपत्र सापडेना. विक्रेत्याकडून लगेच प्रस्ताव आला, की इंडेम्निटी विमा काढून देतो आणि विषय मिटवू. आमच्या कन्व्हेयन्सर बाईंनी फोनवर जे समजावून सांगितले, त्या एका संभाषणात त्यांची फी वसूल झाली असे मी मानतो. कौन्सिलने कारवाई केली तर होणाऱ्या नुकसानीपुरता तो विमा असतो. बांधकामच कच्चे निघाले तर त्यातून छदामही मिळत नाही. शिवाय विमा काढण्याआधी आपणच उत्साहाने कौन्सिलला फोन करून चौकशी केली, तर विमा मिळणेच अवघड होऊन बसते. म्हणून ‘आधी सर्व्हेयरकडून खोली तपासून घ्या, कौन्सिलला तूर्त काही विचारू नका’, असा क्रम त्यांनी घालून दिला. हे फर्मच्या ऑनलाइन पोर्टलवरच्या कोणत्याही मजकुरात नव्हते.

भारतातून पैसा आणणार असाल, तर मनस्तापाची तयारी ठेवावी. २०१७ च्या मनी लाँडरिंग नियमांमुळे फर्मला पैशाचा उगम तपासावाच लागतो, आणि ‘वडिलांनी दिले’ हे उत्तर पुरत नाही. वडिलांचे ओळखपत्र, ती रक्कम भेट आहे व घरावर त्यांचा कोणताही हक्क राहणार नाही असे पत्र, त्यांची बँक स्टेटमेंट्स, मुदतठेव मोडली असेल तर तिचे कागद, जमीन विकली असेल तर खरेदीखत आणि त्याचे प्रमाणित भाषांतर, असे सगळे मागितले जाते. भारतातील निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच रक्कम परदेशी पाठवता येते, हेही वेळापत्रक आखताना ध्यानात ठेवावे. या टप्प्यावर फर्मने निराशा केली. तेच स्टेटमेंट वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांनी पुन्हा पुन्हा मागितले, आणि ‘संयुक्त कुटुंबाचे खाते’ ही कल्पना दरवेळी नव्याने समजावून सांगावी लागली.

स्टॅम्प ड्यूटीचा प्रश्न आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचा आहे, आणि तो उशिरा विचारला जातो. पहिल्या घराची सवलत मिळण्यासाठी खरेदीदाराच्या नावावर जगात कुठेही, याआधी कधीही घर असलेले नसावे. वारसाहक्काने आलेला हिस्साही यात मोजला जातो, आणि दोघे मिळून घेत असाल तर ही अट दोघांनाही लागू होते. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी ४ लाख पौंडांच्या घरावर पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ५ हजार पौंड पडतात, सर्वसाधारण खरेदीदाराला १० हजार, आणि ४० हजार पौंड किंवा त्याहून अधिक किमतीचे दुसरे घर असल्यामुळे ५ टक्के अधिभार लागला तर ३० हजार. भारतातील फ्लॅट नवरा-बायकोपैकी एकाच्याच नावावर असला, तरी अधिभारासाठी दोघांना एकत्रच धरतात. नोंदणी फॉर्ममधला ‘अन्य मालमत्ता’ हा एका ओळीचा रकाना म्हणूनच विचारपूर्वक भरावा. फर्मने हा प्रश्न सुरुवातीलाच स्वतःहून विचारला, याचे श्रेय तिला द्यायला हवे.

‘ऑफर मंजूर झाली, म्हणजे घर आपले झाले ना?’ नाही. एक्सचेंज, म्हणजे करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणताही पक्ष विनाभरपाई माघार घेऊ शकतो, आणि तोवर सर्व्हे व सर्चवर झालेला आपला खर्च बुडतो. एक्सचेंजच्या वेळी साधारणपणे १० टक्के रक्कम द्यावी लागते. त्यानंतर आपण मागे फिरलो तर ती गमावण्याची वेळ येते. प्रचलित अटींनुसार घराची जोखीमही त्याच क्षणी खरेदीदाराकडे येते, म्हणून किल्ल्या हातात नसल्या तरी इमारतीचा विमा एक्सचेंजच्या दिवसापासून सुरू असावा लागतो. आपल्याकडे दुय्यम निबंधकासमोर बसून अंगठे उमटवण्याची सवय असलेल्यांना हे सगळे विचित्र वाटते, कारण इथे कोणत्याही कार्यालयात जावे लागत नाही. दस्तावर साक्षीदारासमोर सही करून तो पाठवायचा, आणि ठरलेल्या दिवशी पैसे बँकेतून बँकेत गेले की एजंट किल्ल्या देतो.

फर्मचे ऑनलाइन पोर्टल दिसायला देखणे आहे, पण त्यावरचे हिरवे टिकमार्क फारसे काही सांगत नाहीत. ‘सर्च मागवले’ यापुढे खूण दिसते. त्या अहवालात काय निघाले हे मात्र फोन केल्याशिवाय कळत नाही. फीच्या कोटेशनमध्ये मूळ फी कमी दिसते आणि लीजहोल्ड (जमिनीच्या मालकीऐवजी ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्यावरचे घर), भेट रक्कम, बँक ट्रान्सफर, ओळख तपासणी यांचे आकार खाली वेगळे लावलेले असतात, तेव्हा तुलना करायची तर व्हॅटसह शेवटच्या आकड्याची करावी. एक गोष्ट त्यांनी चोख केली. बँक खात्याचा तपशील सुरुवातीलाच टपालाने पाठवला आणि तो ईमेलने कधीही बदलणार नाही असे बजावले. घरखरेदीचे ईमेल अडवून खोटा खाते क्रमांक पाठवण्याचे प्रकार इथे नवे नाहीत, त्यामुळे मोठी रक्कम पाठवण्याआधी ओळखीच्या नंबरवर फोन करून खाते पडताळून घ्यावेच.

फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसह पूर्ण मालकीचे घर घेणाऱ्याला, आणि ज्याचा पैसा इथल्याच पगारातून साठलेला आहे त्याला, मी ही फर्म निःशंक सुचवीन. लीजहोल्ड फ्लॅट असेल किंवा भारतातून मोठी रक्कम येणार असेल, तर थोडे जास्त पैसे मोजून, फाइल शेवटपर्यंत एकाच व्यक्तीकडे राहील असे लेखी देणारी फर्म पाहावी.

घराचा ताबा मिळाल्यावर १४ दिवसांत स्टॅम्प ड्यूटीचे विवरणपत्र भरणे आणि मग लँड रजिस्ट्रीकडे अर्ज करणे ही कामे फर्मच करते; नोंद प्रत्यक्ष व्हायला मात्र बराच काळ लागू शकतो. नोंद झाल्याचा उतारा आला की नावाचे स्पेलिंग पासपोर्टशी ताडून पाहावे. आपल्या पासपोर्टवर मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे असते आणि कर्जाच्या कागदांवर ते कधी गळते, कधी आडनावाला चिकटते. आमच्या दस्ताच्या मसुद्यात ते गळले होते आणि सहीपूर्वीच दुरुस्त करून घेतले.