टेली-आयसीयू घेताना पलीकडची सिस्टर बघून घ्या

टेली-आयसीयू, म्हणजे दूरच्या केंद्रातून कॅमेरा आणि मॉनिटरच्या आकड्यांवरून आयसीयूतल्या पेशंटवर लक्ष ठेवणारी सेवा, विकायला आलेला माणूस आधी कॅमेरा दाखवतो. पेशंटच्या पापण्या मोजाव्यात इतकं स्वच्छ चित्र, हवं तसं फिरणारं डोकं, भिंतभर स्क्रीन. खरेदी समिती खूश होते. प्रत्यक्षात पैसे मोजले जातात ते त्या स्क्रीनसमोर बसलेल्या एका अनुभवी आयसीयू सिस्टरच्या लक्षासाठी. तिच्या वाट्याला साधारण तीस ते चाळीस पेशंट असतात. दूरच्या इन्टेन्सिव्हिस्टकडे (आयसीयूच्या तज्ज्ञ डॉक्टरकडे) त्याहून कितीतरी जास्त, म्हणून पहिली नजर आणि बहुतेक वेळा पहिला फोन तिचाच. सेवा जोखायची ती इथे.

कॅमेऱ्याचं आधी उरकून घेऊ. झूम ऑप्टिकल हवा. डिजिटल झूममध्ये आकडे फुटतात आणि सिरिंज पंपावरचा (ठरल्या वेगाने औषध सोडणाऱ्या यंत्रावरचा) दशांशाचा टिंब सगळ्यात आधी गायब होतो. रात्रीच्या इन्फ्रारेड चित्रात रंग नसतो. निळसर ओठ, त्वचेवरचे चट्टे, ड्रेनमधलं ताजं रक्त, सगळं करडं. त्यामुळे ‘कॅमेऱ्यावर पेशंट ठीक’ ही नोंद दिवा न लावता केली असेल तर तिला किंमत नाही. बाहुल्या बघताना आधी झूम करून फोकस लॉक करायचा, मग खाटेजवळच्या सिस्टरने टॉर्च बाजूने आणायचा. उलट केलं तर प्रकाश पडताच फोकस भरकटतो आणि नेमका आकुंचनाचा क्षण हुकतो. कॅमेरा सुरू होण्याआधी खोलीत घंटी वाजली पाहिजे, काम नसताना त्याचं तोंड भिंतीकडे असलं पाहिजे आणि स्पंजिंग किंवा ड्रेसिंग चालू असताना तो खोलीतूनच बंद करता आला पाहिजे. चित्रण साठवलं जातं का, हे लेखी घ्या. माइक व्हेंटिलेटरला खेटून बसवला असेल तर बोलण्यापेक्षा हवेचा आवाजच जास्त ऐकू येतो.

आता सॉफ्टवेअर. खाटेजवळच्या मॉनिटरचा अलार्म ठरलेला आकडा ओलांडला की वाजतो. टेली-आयसीयूची यंत्रणा कल बघते. नाडी दोन तासांत ८८ वरून ११२, मीन प्रेशर (सरासरी रक्तदाब) ७८ वरून ६८, लघवी ताशी ५० मिलिवरून २०. यातला एकही आकडा कदाचित अलार्मची मर्यादा ओलांडणार नाही, पण तिन्ही एकत्र बघणाऱ्याला पेशंट कुठे चाललाय ते कळतं. सेवेचे पैसे वसूल होतात ते इथेच. अडचण अशी की मॉनिटरचे आकडे आपोआप जातात, पण व्हेंटिलेटरचं सेटिंग, पंपाचा वेग आणि लघवी बऱ्याच ठिकाणी हाताने भरावी लागते. गडबडीच्या रात्री तीन तासांचे आकडे एकदम भरले जातात, म्हणजे वॉर्ड जेव्हा सगळ्यात धावपळीत असतो तेव्हाच पलीकडचा आलेख आंधळा होतो. करारापूर्वी एकच प्रश्न नेटाने विचारा: तुमच्या नेमक्या मॉडेलच्या व्हेंटिलेटर आणि पंपांमधून काय काय आपोआप जाणार? ‘इंटिग्रेशन होईल’ हे उत्तर नव्हे.

खोटे इशारे कसे हाताळले जातात, यावरून पलीकडच्या सिस्टरची पारख होते. आर्टेरियल लाइनचं, म्हणजे धमनीतल्या नळीतून सतत मोजलं जाणारं, प्रेशर अचानक घसरलं. नवखी सिस्टर म्हणेल, ‘बीपी कमी झालंय, बघा.’ जाणकार आधी विचारेल, ‘खाट खाली घेतली का? ट्रान्सड्युसर कुठे आहे?’ ट्रान्सड्युसर, म्हणजे या नळीला जोडलेला दाब मोजणारा सेन्सर, स्टँडला बांधलेला असेल आणि पेशंट १० सेंमी खाली गेला, तर मीन प्रेशर साधारण ७ मिमीने कमी दिसतं. ७० चे ६३ होतात आणि कारण नसताना नॉरॲड (नॉरॲड्रेनलिन, रक्तदाब वाढवणारं औषध) वाढवलं जातं. खाट वर घेतली तर उलटं घडतं: खरं ६० असलेलं प्रेशर ६७ दिसतं आणि कुणालाच हाक जात नाही. हे जास्त धोक्याचं. ट्रान्सड्युसर चौथ्या बरगडीमधल्या जागेच्या, काखेच्या मध्यरेषेच्या पातळीवर. नळीत सलाइन ढकलणारी प्रेशर बॅग ३०० मिमीवर. मग फ्लश करून (नळीत क्षणभर जोरात सलाइन सोडून) मॉनिटरवरची दाबाची लाट बघायची. फ्लशनंतर रेषा एकदोन झोके घेऊन स्थिरावली तर लाइन ठीक. एकही झोका न घेता सुस्तपणे खाली आली तर बुडबुडा, गुठळी किंवा मुडपलेली नळी शोधायची, आणि तोवर दंडावरच्या कफचं बीपी घ्यायचं. ही तपासणी फोनवरून एका मिनिटात करवून घेता येते. ज्या सेवेत सिस्टरला नुसते आकडे दिसतात, लाट दिसत नाही, तिथे ती करता येत नाही. अशी सेवा स्वस्त असली तरी आमचं मत नको असंच.

औषधांत सगळ्यात मोठा घोळ पंपाच्या वेगाचा. खाटेजवळची सिस्टर ‘नॉरॲड साडेचारवर’ म्हणते, म्हणजे ताशी ४.५ मिलि. पलीकडे ऑर्डर मात्र मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. ५० मिलिमध्ये ४ मिग्रॅ असेल तर मिलिला ८० मायक्रोग्रॅम; ६० किलोच्या पेशंटला ४.५ म्हणजे ०.१. तीच सिरिंज ८ मिग्रॅची असेल तर ०.२, म्हणजे सरळ दुप्पट. त्यात ॲम्प्यूलवरचा आकडा क्षाराचा आहे की मूळ नॉरॲड्रेनलिनचा, हाही फरक दुपटीचाच: २ मिग्रॅ बायटार्ट्रेट म्हणजे १ मिग्रॅ मूळ औषध. म्हणून चांगल्या सेवेत नियम असतो की सिरिंजमधलं एकूण औषध, एकूण मिलि, वेग आणि पेशंटचं वजन, चारही गोष्टी बोलून दाखवल्याशिवाय ऑर्डर बदलत नाही, आणि बदललेली ऑर्डर ऐकणारीने परत म्हणून दाखवायची.

इन्सुलिन, हेपरिन, पोटॅशियम यांची दुसरी तपासणी कॅमेऱ्यावर करून घेण्याची सोय रात्री फार कामाची, कारण चार खाटांच्या आयसीयूत तेव्हा दुसरी सिस्टर मोकळी सापडत नाही. लेबल जरा तिरकं धरायचं, नाहीतर प्लास्टिकवर दिव्याची चकाकी येते. दाखवताना मोठ्याने वाचायचं नाही. आधी पलीकडचीने वाचायचं. तुम्ही ‘पन्नास युनिट’ म्हणालात की तिलाही पन्नासच दिसतं.

उंचीकडे कुणी बघत नाही, आणि तिथेच सेवा गुपचूप चुकते. फुप्फुस जपण्यासाठी टायडल व्हॉल्यूम (व्हेंटिलेटर एका श्वासाला देतो ती हवा) किलोला ६ मिलि धरतात, पण तो किलो उंचीवरून काढलेल्या वजनाचा. १७० सेंमी पुरुषासाठी ६६ किलो, म्हणजे ३९६ मिलि. उंची अंदाजाने १८० टाकली की ७५ किलो आणि ४५० मिलि. पलीकडचं सॉफ्टवेअर हिरवी खूण दाखवतं आणि पेशंटला प्रत्येक श्वासाला हवी त्यापेक्षा ५० मिलिहून जास्त हवा जात राहते. दाखल करतानाच टेपने मोजलेली उंची मागणारी सेवा दिसली तर समजा, तिथे आयसीयूत काम केलेली माणसं आहेत. उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश, श्वासाच्या ट्यूबभोवतीच्या फुग्याचं कफ प्रेशर २० ते ३० सेंमी पाणी, गुठळी रोखण्याचं औषध, झोपेच्या औषधाला रोजची सुट्टी, या गोष्टींची रात्रीची फेरी बहुतेक सेवा बऱ्यापैकी करतात.

याचा उपयोग होतो का? पहिला व्यापारी टेली-आयसीयू २००० साली अमेरिकेत व्हर्जिनियातल्या नॉरफॉकला सुरू झाला. तेव्हापासून निकाल दोन्हीकडे झुकत आलेत. २०११ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका वैद्यकीय केंद्राच्या सात आयसीयूंच्या अभ्यासात रुग्णालयातले मृत्यू १३.६ टक्क्यांवरून ११.८ वर आले, आणि पायातल्या गुठळ्या रोखण्याच्या उपायांचं पालन ८५ वरून ९९ टक्क्यांवर गेलं. अभ्यास आधी-नंतरच्या तुलनेचा होता, हे लक्षात ठेवायचं. २०२४ मध्ये ब्राझीलच्या ३० आयसीयूंतल्या मोठ्या चाचणीत दूरच्या तज्ज्ञाने रोज व्हिडिओवर राउंड घेऊनही आयसीयूतला मुक्काम कमी झाला नाही. आमचा अर्थ असा: दिवसातून एकदा येऊन जाणारा चेहरा विकत घेऊ नका. चोवीस तास लाटा बघणारी, इशाऱ्याला मिनिटांत उत्तर देणारी नर्सिंग टीम नसेल तर उरतं ते महागडं व्हिडिओ कॉलिंग.

कोड ब्लूमध्ये, म्हणजे पेशंटचं हृदय बंद पडल्यावर, पलीकडच्या सिस्टरचं काम नेमकं ठरलेलं हवं. घड्याळ तिच्याकडे: दर दोन मिनिटांनी छाती दाबणारा बदला, ॲड्रेनलिन दर तीन ते पाच मिनिटांनी, नाडी बघताना हात दहा सेकंदांहून जास्त थांबवू नका. नोंदही तिच्याकडे. आज्ञा देणारा मात्र एकच. खोलीतला डॉक्टर आणि स्क्रीनवरचा डॉक्टर दोघेही बोलू लागले की गोंधळ दुप्पट होतो, आणि कोण नेतृत्व करणार हे आधी ठरवून न देणाऱ्या सेवा अजून आहेत. आणखी एक तांत्रिक बारकावा: मॉनिटर, सर्व्हर आणि भिंतीवरचं घड्याळ जुळवलेलं नसेल तर नंतर शॉक आधी दिला की औषध, यावर वाद होतात.

बोलण्याची पद्धत करारात लिहिता येत नाही, पण सेवा टिकते किंवा बुडते ती त्यावर. ‘सक्शन का नाही केलं?’ असं वरून दोनदा ऐकलं की वॉर्डातली सिस्टर कॅमेऱ्यावर टॉवेल टाकते. ‘व्हेंटिलेटरचं पीक प्रेशर ३८ झालंय, मी पंपाकडे लक्ष ठेवते, तुम्ही सक्शन करून घेता का?’ यात कामाची वाटणीही झाली. चाचणीच्या महिन्यात संवाद ऐकायला मिळावेत अशी अट घाला. दोन्हीकडची ड्युटी एकाच वेळी बदलत असेल तर ती तासाभराने सरकवून घ्या, नाहीतर सकाळ-संध्याकाळ अर्धा तास पेशंट कुणाच्याच डोक्यात पूर्ण नसतो.

नेट जाणारच. प्रश्न एवढाच की गेल्यावर पलीकडे आधी कळतं की वॉर्डात. काही यंत्रणांत स्क्रीनवर शेवटचे आकडे तसेच गोठून राहतात आणि बघणाऱ्याला सगळं स्थिर वाटतं. डेमोच्या वेळी केबल काढायला लावा. आकडे काळे पडायला किती सेकंद लागतात आणि फोन किती मिनिटांत येतो, ते मोजा. दुसरी इंटरनेट लाइन, संचाला यूपीएस आणि रुग्णालयाच्या नेटवर्कवर न चालणारा एक साधा फोन, इतकं तरी हवंच.

कुणी घेऊ नये, तेही सांगतो. पलीकडून श्वासाची ट्यूब घालता येत नाही, छातीत नळी टाकता येत नाही. रात्री पाच मिनिटांत खाटेजवळ पोचून हे करू शकणारा कुणी इमारतीत नसेल, तर बजेट आधी त्या माणसावर खर्च करा.